चूक झाल्यावर काय दिसतं?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षाचा प्रोग्रामिंगचा विषय शेवटी तुझ्या गळ्यात पडला तर! अभिनंदन करू की सांत्वन, ते हे पत्र संपेपर्यंत ठरवतो. पायथन, जावा की सी, हा तुमच्या विभागातला वाद मिटत नाही म्हणतोस. तो कुठेच मिटत नाही. जो तो स्वतः ज्या भाषेत शिकला तिलाच पाया म्हणतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मी पायथनच्या बाजूचा आहे. पण 'सोपी आहे' आणि 'नोकरीत चालते' ही तुझ्या सहकाऱ्यांची दोन्ही कारणं मला पटत नाहीत.

नोकरीचं आधी उरकतो. निकलाउस वीर्टने १९७० मध्ये पास्कल आणली ती मुख्यतः शिकवण्यासाठी. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची कॉलेज पातळीची एपी कॉम्प्युटर सायन्स परीक्षा १९८४ मध्ये पास्कलमध्ये सुरू झाली, १९९९ मध्ये सी प्लस प्लसवर गेली आणि २००४ मध्ये जावावर. वीस वर्षांत तीन भाषा. पास्कलवाल्यांचं पुढे काही अडलं नाही, कारण लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणं), रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) आणि अ‍ॅरे (ओळीने मांडलेल्या जागा) त्यांच्याबरोबर आले, बाकी मागे राहिलं. आज शिकणारा मुलगा नोकरीला लागेपर्यंत बाजार कुठे असेल याचा अंदाज घेऊन पहिली भाषा ठरवू नकोस.

मी भाषेला दोन प्रश्न विचारतो. पहिला: पहिल्या दिवसाच्या प्रोग्राममध्ये 'हे आत्ता नुसतं टाइप करा, पुढे सांगेन' असं किती वेळा म्हणावं लागतं? जावात एक ओळ छापायला क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड आणि स्ट्रिंगचा अ‍ॅरे, इतकं सगळं 'पुढे सांगेन'मध्ये जायचं. पहिल्याच तासाला मुलं शिकतात ती घोकंपट्टी. (जावा २५ पासून हे बरंचसं गळलंय, साधा मेन चालतो. उशिरा का होईना.)

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मुलाची चूक झाली की त्याला समोर काय दिसतं?

दहा जागांचा अ‍ॅरे घे. मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटची जागा ९ नंबरची. नवशिका हमखास १० नंबरला हात घालतो. पायथन आणि जावा तिथेच थांबतात आणि ओळ क्रमांकासकट सांगतात की इंडेक्स हद्दीबाहेर गेला. सी काहीच बोलत नाही. कधी भलताच आकडा छापते, कधी शेजारच्या व्हेरिएबलची (किंमत साठवायला दिलेल्या नावाची) किंमत गुपचूप बदलते, कधी सगळं बरोबर आल्यासारखं दिसतं. मुलाच्या मशीनवर चाललेला प्रोग्राम तुझ्यासमोर कोसळतो. यातून त्याची समजूत होते की कॉम्प्युटर लहरी आहे. एकदा हे मनात बसलं की तो विचार करणं सोडतो. इथे एक वाढव, तिथे एक कमी कर, पुन्हा चालव, आलं उत्तर तर जमा कर. ही सवय पुढे कुठल्याही भाषेत सुटत नाही. पहिल्या सेमिस्टरला सी नको म्हणतो ते पॉइंटर (मेमरीतल्या जागांचे पत्ते) अवघड आहेत म्हणून नव्हे, तर ती चुकीबद्दल गप्प बसते म्हणून.

पायथन धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. व्हेरिएबलचं नाव एखाद्या एल्समध्ये (अट खोटी ठरल्यावरच चालणाऱ्या भागात) चुकीचं लिहिलं तर ती ओळ चालेपर्यंत तिला पत्ता नसतो. आणि लिस्टचं प्रकरण तर नीट वेळ देऊनच शिकव. एक लिस्ट दुसऱ्या नावाला दिली की नवी लिस्ट होत नाही, एकाच लिस्टला दोन नावं होतात. एका नावाने भर घातली की दुसऱ्या नावालाही ती दिसते. मुलांना हा अन्याय वाटतो. इथे घाई करू नकोस. फिलिप ग्वो यांचं पायथन ट्यूटर वापर. ते एकेक ओळ चालवून नावं आणि वस्तू यांच्यातले बाण काढून दाखवतं. हे बाण ज्याला नीट वाचता येतात त्याला पुढे सीमधला पॉइंटर परका वाटत नाही.

हास्केलचा (गणिती फंक्शनांवर उभ्या असलेल्या भाषेचा) मुद्दा काढणारे तुमचे ज्येष्ठ सहकारी मला आवडले. त्यांची बाजू हलकी नाही. २००१ मध्ये टेक्सास विद्यापीठात हास्केलच्या जागी जावा आणायचं ठरत होतं, तेव्हा संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्राने विरोधाचं पत्र लिहिलं होतं. आधीच थोडंफार कोडिंग करून आलेल्या मुलांनाही अशा भाषेत कळतं की आपल्याला वाटलं होतं त्याहून प्रोग्रामिंग मोठं आहे, असा त्याचा मुद्दा. खरा आहे. पण हास्केलचे टाइपचे (किंमत कोणत्या प्रकारची आहे याबद्दलचे) एरर नवशिक्याला वाचून कळत नाहीत, म्हणून माझ्या दुसऱ्या प्रश्नात ती नापास. त्या वाटेने जायचंच असेल तर रॅकेट ही भाषा बघा. तिच्यात शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने वाढणाऱ्या छोट्या भाषा आहेत, आणि एररही त्या पायरीवर मुलाला जेवढं माहीत असतं तेवढ्याच शब्दांत येतात.

दुसऱ्या सेमिस्टरला मात्र सी हवीच. मेमरी म्हणजे काय, ती मागायची कशी आणि परत कोण करणार, हे न कळता पुढचे विषय शिकवणं म्हणजे आधी कळस मग पाया. पण आजची सी शिकव. इनपुट किती लांब आहे हे न पाहता भरून घेणारं गेट्स (gets) हे फंक्शन २०११ च्या मानकातून काढून टाकलं, तरी जुन्या नोट्समध्ये ते सुखाने नांदतंय. कंपायलरच्या (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) सगळ्या वॉर्निंग पहिल्या दिवसापासून चालू ठेव आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या हद्दी तपासणारं साधन) लावूनच कंपाइल करायला सांग. मग तीच १० नंबरची चूक केली की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि ओळ दाखवतो. सीचं मौन बऱ्याच अंशी सुटतं.

साधनांचं थोडक्यात. साधा एडिटर आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), बस. मोठ्या आयडीईचं (लिहिणं, चालवणं सगळं एकत्र देणाऱ्या सॉफ्टवेअरचं) हिरवं बटण दाबून प्रोग्राम चालतो, पण फाइल कुठे आहे हे मुलाला सांगता येत नाही. डीबगर (प्रोग्राम ओळीओळीला थांबवून आत बघायचं साधन) मात्र लवकर आण, लूप शिकवल्याबरोबर. गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) दुसऱ्या सेमिस्टरला, तेही कमिट (बदल नोंदवणं) आणि डिफ (फरक बघणं) इतक्यापुरतं. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर पायथनची एकच आवृत्ती असू दे. पायथन २ ला २०२० पासून आधार नाही, पण त्या काळातलं साहित्य अजून फिरतंय आणि त्यातली प्रिंटची पहिलीच ओळ एरर देते.

कोड लिहून देणारे एआय सहायक पहिल्या सेमिस्टरच्या लॅबमध्ये बंद ठेव. घरी मुलं वापरणार, त्याला इलाज नाही. म्हणून मार्क जमा केलेल्या कोडला देऊ नकोस. समोर बसव, त्याच्याच प्रोग्राममधली एक ओळ बदल, आणि चालवायच्या आधी विचार की आता काय छापेल. ज्याने विचार करून लिहिलंय तो उत्तर चुकला तरी कारण सांगतो. दोन मिनिटांत कळतं.

आणि मतदानात जावाच निघाली तर भांडत बसू नकोस, निम्मं काम ती चांगलं करते. फक्त ऑब्जेक्ट (डेटा आणि त्यावरच्या कृती एकत्र बांधलेली वस्तू) उशिरा आण, आणि दोन इंटिजर ऑब्जेक्टची तुलना मुलांकडून करवून घे: दोन्हींत १२७ भरले तर दुहेरी बरोबरचं चिन्ह 'समान' म्हणतं, १२८ भरले की सहसा 'असमान' (ते चिन्ह किंमत नव्हे, ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं, आणि लहान आकड्यांना जावा तोच ऑब्जेक्ट पुन्हा देते). यावर वर्गात जी बोंब उठेल, ती संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस.

सिलॅबस ठरला की पहिल्या चार असाइनमेंट पाठव. भाषेचं नाव खोडून पाठवलंस तरी चालेल.

तुझा,
जुना लॅब पार्टनर