गोटी पाना आणि मागे रेललेला ठेका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण गाण्यांची परंपरा), फंक (ठेक्यावर उभं असलेलं अमेरिकी नृत्यसंगीत) आणि रॉक एकत्र वाजवणाऱ्या बँडांवरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार, पण एक वाक्य खटकलं. अशा बँडांकडे तिन्ही प्रकारची गाणी असतात, म्हणून तिन्ही प्रकारचे श्रोते येतात, असं त्यात म्हटलं आहे. तसं असतं तर लग्नातला ऑर्केस्ट्रा हा जगातला सर्वांत मोठा फ्यूजन बँड ठरला असता. मिश्रण गाण्यांच्या यादीत नसतं, ते ठेक्यात असतं. म्हणूनच अशा बँडांचा श्रोता रेकॉर्डपेक्षा मैफलीत जास्त जमतो.

लॉस एंजेलिसचा ‘लिटल फीट’ पाहा. १९६९ मध्ये लोवेल जॉर्ज (गिटार, गायन) आणि बिल पेन (पियानो) यांनी तो उभा केला. ‘विलिन’ हे ट्रकवाल्याचं अस्सल कंट्री वळणाचं गाणं त्यांच्या पहिल्या अल्बमवर होतं आणि १९७२ च्या दुसऱ्यावरही. दोन्ही अल्बम फारसे खपले नाहीत. मग केनी ग्रॅडनी (बास), सॅम क्लेटन (कोंगा, म्हणजे हातांनी वाजवायचे उंच ढोल) आणि पॉल बॅरेअर (दुसरी गिटार) आले. ग्रॅडनी आणि क्लेटन मूळचे लुइझियानाचे. १९७३ चा ‘डिक्सी चिकन’ ऐकला की फरक कळतो. जॉर्ज आणि पेन तेच, रिची हेवर्डचा ड्रमही तोच, पण बैठक बदलली.

ती बैठक नेमकी काय? कंट्रीचा ‘ट्रेन बीट’ म्हणजे स्नेअरवर, ड्रमसेटमधल्या करकरीत आवाजाच्या ड्रमवर, मात्रेचे चार सारखे तुकडे, आगगाडीसारखे अखंड. फंकमध्ये पहिली मात्रा जड, आणि नंतर मुद्दाम सोडलेल्या जागा. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीतल्या तालात हेच तुकडे ना सरळ असतात ना पूर्ण झुलते, मधेच कुठेतरी पडतात. केरवा कागदावर चार-चार मात्रांचा दिसतो आणि हातात आला की डुलतो, तसंच काहीसं. हेवर्ड या मधल्या जागेत वाजवायचा. त्यामुळे वर गिटार कंट्री बोलली तरी खाली फंक चालू राहायचा, आणि गाण्याच्या मधोमध शैली बदलण्याची गरजच पडायची नाही.

आपल्याकडचे बँड नेमके इथे घसरतात. ड्रमर हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) मात्रेचे चारही तुकडे भरतो, कोंगावाला तेच भरतो, कीबोर्डचा डावा हात बासच्या जागेत शिरतो. ऐकायला येतो तो पत्र्यावरचा पाऊस. चारही तुकडे एकानेच वाजवावेत, दुसऱ्याने फक्त उत्तर द्यावं. पियानोवाल्याने डावा हात सरळ उचलून ठेवावा. सराव मिनिटाला ९२ मात्रांच्या गतीला करावा आणि मेट्रोनोमचा (ताल मोजणाऱ्या यंत्राचा) ठोका फक्त दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ठेवावा. मंचावर उत्साहाच्या भरात ९२ चे ९८ होतातच. ऐकताना सहाने काय बिघडतं असं वाटतं, पण मात्रेच्या प्रत्येक चतुर्थांशातून सुमारे १० मिलिसेकंद कमी होतात आणि फंक ज्या फटीवर उभा असतो ती फटच बुजते. रॉक गाणं एवढं सहन करतं. हे करत नाही.

आता गिटार. जॉर्जच्या स्लाइडचं, म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायच्या नळीचं, गुपित म्हणजे स्पार्क प्लगची गोटी, ११/१६ इंची, म्हणजे साधारण साडेसतरा मिलिमीटरची. गॅरेजमधल्या गोटी पान्याची असते तशीच. काचेच्या नळीपेक्षा ती जड, म्हणून सूर लांब टिकतो. पण तेवढ्याच वजनामुळे तार दबून पडद्यांवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, फ्रेटवर) आपटते आणि खडखड होते. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची निदान अडीच मिलिमीटर हवी आणि पहिली तार १२ किंवा १३ नंबरची, म्हणजे इंचाच्या तेवढ्या हजारांश जाडीची. ओपन ए, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ए हा कॉर्ड वाजेल अशी जुळणी, लावताना चौथी, तिसरी आणि दुसरी तार एकेक पूर्ण सूर वर चढते. गिटारची मान कमजोर असेल तर हा ताण घेऊ नये. ओपन जी लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की तेच सूर मिळतात. गोटी पडद्याच्या मागे नव्हे, बरोबर पडद्याच्या पट्टीच्या वर आणायची आणि मागची बोटं तारांवर हलकी टेकवून ठेवायची. नाहीतर सुरामागे भूत बोलतं.

सूर आणखी लांबवायला कॉम्प्रेसर लावतात, आणि तिथे मंचावर हमखास शिट्टी वाजते. कॉम्प्रेसर हळू आवाज वर उचलतो, त्यात अँपची गुणगुणही आली आणि मॉनिटरमधून, म्हणजे वादकांना ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून, परत येणारा सूरही. तो साखळीत पहिला, ओव्हरड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी ठेवावा, मॉनिटरकडे गिटारचं तोंड करू नये आणि गाणं संपताच व्हॉल्यूमची कळ खाली आणावी.

श्रोते जमले कसे, तेही लेखात हवं होतं. जानेवारी १९७५ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीने आपल्या सहा बँडांची मोट बांधून युरोपचा दौरा काढला. त्यात डूबी ब्रदर्ससारखे मोठ्या नावाचे लोक होते, पण लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये बाजी मारली लिटल फीटने. ते तिथे पुन्हा गेले. ऑगस्ट १९७७ मध्ये रेनबो आणि वॉशिंग्टनचं लिस्नर सभागृह इथल्या मैफली टॉवर ऑफ पॉवर या बँडच्या ब्रास (ट्रम्पेट, सॅक्सोफोन अशा फुंकवाद्यांच्या) वादकांसह ध्वनिमुद्रित झाल्या. त्यातून १९७८ चा ‘वेटिंग फॉर कोलंबस’ हा दुहेरी अल्बम निघाला, त्यांचा सर्वाधिक खपलेला. स्टुडिओत चार मिनिटांत आटोपलेलं ‘डिक्सी चिकन’ इथे नऊ मिनिटांवर जातं, आणि वाढलेल्या वेळात पियानोचं एकल वादन, ब्रास आणि शेवटी दोन गिटारींचा संवाद आहे. जॉर्जने बरंचसं गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केलं, हेही खरं. पण खालचा ठेका मैफलीतलाच.

जॉर्ज २९ जून १९७९ रोजी गेला, अवघ्या ३४ व्या वर्षी. बँड थांबला, १९८७ मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि १९७८ चा तो अल्बम फिश या बँडने २०१० च्या हॅलोवीनला अटलांटिक सिटीत अथपासून इतिपर्यंत वाजवला.

आपल्याकडच्या आयोजकांना एक सांगणं. अशा बँडला वीस मिनिटांचा स्लॉट आणि पाच मिनिटांचा साउंडचेक देऊ नका. आधी फक्त ड्रम आणि बास, मग कोंगा, मग पियानो, गिटार शेवटी, एवढं नीट बसायला पाऊण तास लागतो. आणि आपल्या समीक्षकांना विनंती, की पुढच्या वेळी गायकाच्या कपड्यांच्या आधी बासवादक आणि ड्रमर यांची नावं छापावीत.

आपले,
ध्वनिव्यवस्था आणि वादन करणारे काही वाचक, पुणे