निनावी? आमच्या मेहुण्यांना विचारा!

महोदय,

कालच्या अंकातला क्रिप्टोवरचा लेख वाचला. बिटकॉइनचा व्यवहार निनावी असतो, पोलिसांच्या हाती काही लागत नाही, असं लेखकमहाशय ठासून सांगतात. छान. मग २०१६ साली बिटफिनेक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजमधून चोरीला गेलेल्या १,१९,७५६ बिटकॉइनपैकी ९४ हजारांहून जास्त अमेरिकी तपासयंत्रणांनी २०२२ मध्ये जप्त केले, ते काय ज्योतिष बघून?

अमेरिका राहू द्या. माझा मुलगा एका परदेशी कंपनीचं डिझाइनचं काम करतो, पैसे यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टोत, येतात. मेहुण्यांनी उसने घेतलेले पैसे तसेच परत करायचं ठरवलं, म्हणून त्याने वॉलेटचा, म्हणजे आपल्या क्रिप्टो खात्याचा, पत्ता पाठवला. मेहुण्यांनी तो इथरस्कॅनवर, म्हणजे असे व्यवहार कुणालाही उघड दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकला. वर्षभराची जमा तारीखवार समोर! लॉगिन नको, ओटीपी नको. दिवाळीच्या फराळाला भरल्या घरात म्हणतात, "दाजी, पोरगं जोरात आहे की! आमच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटचं बघा जरा." उसने पैसे मात्र अजून आलेले नाहीत. बँकेतला कारकूनसुद्धा असं कुणाचं पासबुक दुसऱ्याला उघडून दाखवत नाही.

मोनेरो नावाच्या क्रिप्टोत पाठवणारा, घेणारा आणि रक्कम तिन्ही झाकलेलं असतं, हे मान्य. झीकॅश या आणखी एका क्रिप्टोतही तशी सोय आहे, पण ती ज्याने-त्याने निवडायची. लेखात या दोन्हींचं नावही नाही. आणि मोनेरो घेऊन करायचं काय? बायनान्स या बड्या एक्सचेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते यादीतून काढलं. रुपये हवे असतील तर पुन्हा पॅन-आधार घेऊन एक्सचेंजच्याच दारात उभं राहायचं, आणि मार्च २०२३ पासून तीही मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत. म्हणजे सरकारला नाव ठाऊक, मेहुण्यांना रक्कम ठाऊक. यात निनावी कोण राहिलं, ते लेखकांनी कळवावं.

लेखासोबत पुन्हा तेच सोनेरी नाण्याचं चित्र! असं नाणं कुणाच्या खिशात नसतं हो. आणि विषय निघालाच आहे तर, रविवारच्या शब्दकोड्यात उभ्या १४ चं उत्तर चौकटींत बसत नव्हतं. मागेही कळवलं होतं.

– एक जुना वाचक, चिंचवड