फरशी बसवण्याआधी गोमुख बघा

संपादक महोदय,

जुन्या लहान शिवमंदिराचा जीर्णोद्धार ठरला, वर्गणी जमली, की पहिली नजर गाभाऱ्याच्या जमिनीवर जाते. संगमरवर किंवा टाइल्स. देवळाचे गणित बहुतेक वेळा इथेच फिसकटते.

अनेक जुन्या शिवालयांत गाभारा सभामंडपापेक्षा खोल असतो. अंबरनाथच्या १०६० सालच्या देवळात तर पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते. अभिषेकाचे पाणी शाळुंकेच्या, म्हणजे पिंडीच्या बैठकीच्या, पन्हळीतून खाली येते आणि भिंतीतल्या मोरीवाटे बाहेरच्या गोमुखातून पडते. देऊळ पूर्वाभिमुख किंवा पश्चिमाभिमुख असेल, तर ही वाट उत्तरेला काढलेली असते. सगळा खेळ उताराचा. नवी फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून जमीन सहज दोन इंच वर येते, आणि लहान देवळातल्या मोरीचे तोंड ते केवढे! ते अर्धे बुजते, उरलेल्या भोकात बेलपाने आणि दुधातुपाचा राप बसतो, पाणी शाळुंकेच्या बुडाशी मुरते. पुढे भिंतीवर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. मग लोणा झाकायला सिमेंटचा गिलावा. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे ती आणखी वर चढते, क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साठतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. रोग मोरीत, औषध भिंतीला.

म्हणून काम काढण्याआधी गाभाऱ्यात दोन बादल्या पाणी ओतून बघावे. गोमुखातून धार लगेच आली पाहिजे. ठिबकत आली तर मोरी आधी बांबूच्या कामटीने मोकळी करावी. ॲसिड ओतू नये, सांध्यातला चुना विरघळतो. मूळ दगडी फरशी शाबूत असेल तर तिला हात लावण्याचे कारणच नाही. ती फुटलीच असेल तर उखडून नवी त्याच पातळीवर बसवावी, मोरीकडे दर मीटरला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उतार ठेवून. सांधे एक भाग चुना, तीन भाग वाळू अशा मालाने भरावेत आणि आठवडाभर ओले ठेवावेत. गवंडी कुरकुर करेल, सिमेंट लवकर सुकते म्हणेल. करू द्यावी.

ऑइल पेंटचेही तसेच: दगडाला तो नकोच. आधीचा काढायचा तर सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या जोरदार फवाऱ्याने, नव्हे, त्याने रंगाबरोबर नक्षीही जाते.

दुसरी चूक नव्या देवळ्यांची. जागा मोकळी दिसते म्हणून उत्तरेच्या भिंतीला टेकून खोली काढतात. पण ती जागा गोमुखाची. शंकराची प्रदक्षिणा सोमसूत्र, म्हणजे हीच तीर्थाची वाट, न ओलांडता, तिथवर जाऊन उलटी फिरण्याची; खोलीने वाटच अडली तर फिरायचे कुठून? शिवाय तीर्थाचे पाणी खोलीच्या पायात जिरते ते वेगळेच. चार देवता बसवायच्याच असतील तर पंचायतनाचा क्रम ठरलेला आहे: मध्ये शिव, ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. मुख्य देवळाभोवती चार कोपऱ्यांत चार देवळे कशी सुटी उभी करतात, हे सिन्नरच्या गोंदेश्वराला जाऊन बघता येते. नंदी, सभामंडपातले कासव, उंबरठा आणि पिंड एका रेषेत असतात. त्या रेषेत दानपेटी ठेवू नये. ती खांबाशेजारी ठेवली तरी भरते.

आवारात पडलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि भंगलेल्या मूर्ती हौसेने नव्या ओट्यात सिमेंटने चिणल्या जातात. त्या पुन्हा अखंड निघत नाहीत. देवळाच्या सावलीच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच दगडांवर त्या नुसत्या टेकवून ठेवाव्यात. हलवण्याआधी मूळ जागेचे छायाचित्र काढावे आणि तोंड कोणत्या दिशेला होते तेही लिहून ठेवावे.

— मंदिरस्थापत्याचा एक अभ्यासक