व्हिसाची वैद्यकीय तपासणी पुरेशी नाही

महोदय,

अमेरिकेत आलेल्या अनेक आफ्रिकी स्थलांतरितांचा आणि निर्वासितांचा समज असतो की, व्हिसासाठी तपासणी झाली म्हणजे रक्तात दोष नाही. हा समज घातक आहे. एचआयव्हीबाधितांवरील प्रवेशबंदी ४ जानेवारी २०१० रोजी उठली, हे योग्यच झाले. मात्र तेव्हापासून त्या तपासणीत एचआयव्ही चाचणी सक्तीची राहिली नाही. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी या विषाणूसंसर्गाची चाचणीही त्यात सक्तीची नाही.

तिथल्या दवाखान्यांतील मराठी डॉक्टर-परिचारिकांनी म्हणूनच या चाचण्या आपणहून सुचवाव्यात. हिपॅटायटिस बीसाठी तीन एकत्र कराव्यात: एचबीएसएजी (चालू संसर्ग), अँटी-एचबीएस (प्रतिकारशक्ती) आणि अँटी-एचबीसी (कधीतरी झालेला संसर्ग). केवळ पहिली केली, तर लस हवी की नको हे कळत नाही. सोबत एचआयव्ही तपासावाच. टेनोफोविर हे औषध दोन्हींवर चालते आणि ते परस्पर बंद केल्यास यकृताचा दाह उसळू शकतो. आई हिपॅटायटिस बी-बाधित असेल, तर बाळाला जन्मानंतर १२ तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे.

दुभाषा नातेवाईक किंवा त्याच वस्तीतला नसावा. बातमी फुटण्याच्या भीतीने माणसे उपचारांना येतच नाहीत. फोनवरचा अनोळखी दुभाषा बरा. एका ताटात जेवल्याने यांपैकी कोणताही संसर्ग होत नाही, हे घरच्यांनाही सांगावे. मात्र रुग्णाच्या संमतीनेच.