शीत कुठलं उचललंस?

खानापूर

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. तू लिहितोस, "बेळगावात मराठी शाळा आता कुणालाच नको, मी स्वतः पालकांना विचारलंय." विचारलंस खरं, पण कुठं? टिळकवाडीत, इंग्रजी शाळेच्या फाटकाशी, शाळा सुटायच्या वेळेला. अरे, ज्यांनी आधीच पोरं तिकडं घातलीत तेच तिथं उभे असणार की! मी कडोलीच्या साहित्य संमेलनात मांडवात फिरून विचारलं, तर मराठी शाळांना वर्ग पुरणार नाहीत. दोघांची उत्तरं खरी, दोघांचे निष्कर्ष पोकळ.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातला तांदूळ सारखाच शिजतो. गावाचं तसं नसतं बाबा.

"मग आणखी लोकांना विचारतो" म्हणशील. त्यानं भागत नाही. 1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, 23 लाखांवर परत आल्या. अंदाज निघाला, रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन 57 टक्के मतं घेणार. निवडून आले रूझवेल्ट, 60 टक्क्यांवर मतं घेऊन; लँडनना तेव्हाच्या 48 पैकी 2 राज्यं. पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत फोन नि मोटार कुणाकडं असणार? त्यात उत्तर धाडायची तसदीही लँडनवाल्यांनीच जास्त घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं.

पोरगी क्लॅटला, त्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेला, बसतेय ना? तिला सांग, 'युक्तिवाद कशानं कमजोर होतो' असं आलं की आधी निष्कर्ष कुणाबद्दल आहे ते बघ, मग विचारलं कुणाला ते. तफावत दिसली म्हणून लगेच खूण करायची नाही. ती मुद्द्याला भिडते का? फाटकाशी निम्मे पालक चष्मेवाले होते, हीसुद्धा तफावतच, पण शाळेच्या माध्यमाशी चष्म्याचं काय देणंघेणं? फसवे पर्याय असेच येतात. आणि तू नुसतं "या शाळेच्या पालकांना इंग्रजी हवी" म्हणाला असतास, तर मी मुकाट मान्य केलं असतं.

खरंच शोधायचं असेल तर मतदार यादी काढ, दर पन्नासावं नाव घे. शहरातली घे, येळ्ळूर-उचगावचीही घे. घरी संध्याकाळी जायचं, दिवसा माणसं शेतावर नाहीतर कामावर असतात. दार बंद दिसलं म्हणून शेजाऱ्याला विचारून मोकळं व्हायचं नाही, परत जायचं. चपला झिजतील. लावणी आवरली की मीही येतो.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
दत्ता