ब्रँड्स हॅच आणि अंबा घाट

पिंट्या,

तू पाठवलेले २०१९ च्या ब्रिटिश टूरिंग कार रेसचे व्हिडिओ सगळे बघून झाले, आई रोज बडबडती की ह्या वयात रात्री एक एक वाजेपर्यंत मोबाईल, पण सुटत नाही रे. एका रविवारात तीन रेस, आणि जो पुढं येईल त्याच्या गाडीत पुढच्या रेसला तेव्हा जादा वजन टाकायचे, हे आपल्याला लई आवडलं. होंडा पुढच्या चाकानं ओढणारी, बीएमडब्ल्यू मागनं ढकलणारी, सुटताना ती कशी सणकन निघते ते गॅरेजातल्या पोरांनापण दाखवलं.

शेवटची, ब्रँड्स हॅच ट्रॅकवरची रेस दोनदा बघितली. १३ ऑक्टोबर. बीएमडब्ल्यूवाला टर्किंग्टन पार मागनं सुटलेला, एकेक गाडी काढत वर आला तरी पॉइंटात होंडावाला कॅमिशच पुढं, आणि शेवटून दुसऱ्या लॅपला हॉथॉर्नच्या वळणावर कॅमिशचा ब्रेक गेला, गाडी सरळ टायरच्या भिंतीत. टर्किंग्टनला चौथं टायटल. तू खाली लिहिलंस 'काय नशीब बघा पप्पा'. मी मोबाईल पालथा ठेवला आणि बाहेर जाऊन बसलो.

तुला कधी बोललो नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आपलं गॅरेज पत्र्यापर्यंत आत, तू विट्याला मावशीकडं होतास. पाणी उतरल्यावर दारात ही रांग, प्रत्येकाला आपली गाडी आधी पाहिजे. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेलची टाकी सगळं उपसलं. एका छोटा हत्ती टेम्पोची ब्रेक ऑइलची डबी उघडली, लेव्हल बरोबर, रंग बरा, म्हटलं राहू दे. ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं, तापलं की ते पाणी उकळून वाफ होते आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल नुसतं खाली जातं, हे मी पोरांना शिकवतो, मला काय माहीत नव्हतं होय?

अंबा घाट उतरताना पेडल तळाला टेकलं. मागं गुळाच्या ढेपा. ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली म्हणून वाचला. परत आल्यावर शिवीपण दिली नाही, "मिस्त्री, ब्रेक तेवढा बघा" एवढंच. डावी बाजू पूर्ण सोललेली. मी पत्र्याचं काम करून दिलं, एक रुपया घेतला नाही, त्याला वाटलं पुराचं वर्ष म्हणून सोडले. मीपण तसंच वाटू दिलं.

अजून तो येतो सर्व्हिसिंगला. चहा पिऊन जातो.

तुमच्या वर्कशॉपात विचारून सांग, रेसच्या गाडीचं ब्रेक ऑइल ते दर वेळी बदलतात का, का नुसती हवा काढून ब्लीड करतात, आणि किती डिग्रीला उकळतं. आईनं भडंग बांधून ठेवलंय, कोण येणार असलं तर कळव.

तुझा पप्पा