अठरा मिनिटं आणि मेथीची जुडी

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,

"झालं का रे गाणं?" हा तुझा मेसेज तीन आठवडे तसाच पडून आहे. उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून हे पत्र. स.न.वि.वि. वगैरे तू धरून चाल.

गाणं झालं होतं. अठरा मिनिटं वीस सेकंद. आणि मग मीच ते उसवलं.

दिवाळीनंतर एका रविवारी ते आईला ऐकवलं. हसू नकोस. आपल्यातल्यांना ऐकवलं की ते "भारी" म्हणतात आणि मोबाईल बघत बसतात. आईला तसं जमत नाही. ती मेथी निवडायला बसली होती. पहिली तीन-चार मिनिटं हात मेथीत आणि कान माझ्याकडे. सातव्या मिनिटाला उठली, कुकर लावून आली, परत जुडी पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "हे कितवं?"

"कितवं म्हणजे? पहिलंच आहे."

"हो का? मला वाटलं चौथं."

दोन दिवस मी फणफणत होतो. मग वही काढून मोजलं. तिचं फार चुकलं नव्हतं, गाणी पाच होती! आपल्या जुन्या रेकॉर्डिंगमधले पाच रिफ, म्हणजे गिटारचे फिरून फिरून येणारे तुकडे, उचलायचे, मधे क्लीन, बिनखरखरीच्या गिटारचं ठिगळ लावायचं, की झाली गोधडी. लोक कंटाळतील या धास्तीने मी दर चाळीस सेकंदांनी काहीतरी बदलत होतो. पण गेलेलं परत भेटणारच नाही म्हटल्यावर ऐकणाऱ्याने लक्षात तरी काय ठेवायचं आणि कशासाठी?

मग मुंबईहून परतताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये एक प्रयोग केला. कसाऱ्याला घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात ना, तिथे 'डोपस्मोकर' सुरू केलं. स्लीप या मेटल बँडचं हे गाणं त्रेसष्ट मिनिटांचं. रेकॉर्ड कंपनीला ते पचलं नाही, बँड फुटला, १९९९ मध्ये त्याची बावन्न मिनिटांची आवृत्ती 'जेरुसलेम' नावाने आली आणि अख्खं गाणं बाहेर पडायला २००३ उजाडलं. सुरुवातीची सात-आठ मिनिटं कुणी गातच नाही. नुसता एक जाडजूड रिफ घाट चढत राहतो. दहाव्या मिनिटाला मला खरंच कंटाळा आला, बंदच करणार होतो. खिडकीबाहेर काळोख, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ऐकत राहिलो. आणि विसाव्याच्या आसपास लक्षात आलं की मी आता रिफ ऐकतच नाहीये, झांज कधी आधी पडते, कधी मागे रेंगाळते, ते ऐकतोय. नाशिकरोडच्या थोडं आधी संपलं. शेजारचे पासवाले काका म्हणाले, "झोप लागली होती का?"

सगळ्यांनी असंच करावं असं नाही, आपल्याला तर ते झेपणारही नाही. एज ऑफ सॅनिटी या बँडचं 'क्रिमसन' बघ. १९९६ चं, एकच गाणं, चाळीस मिनिटं, आणि रिफांची नुसती रेलचेल. पण त्यातल्या काही जागा पुन्हा पुन्हा भेटतात, गावात शिरताना तोच पार दिसावा तशा. शिवाय गोष्ट आहे, माणसांना मुलं होईनाशी झालेल्या जगाची. पुढे काय होतं ही ओढ फुकटात मिळते.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते बेल विच या बँडच्या 'मिरर रीपर'ने. २०१७ चं, त्र्याऐंशी मिनिटं, नुसता बास आणि ड्रम्स, कुठेकुठे ऑर्गन. गिटार नाहीच. त्यांचा आधीचा ड्रमर २०१६ मध्ये वारला. त्याचा जुन्या रेकॉर्डिंगमधला, वापरायचा राहिलेला आवाज त्यांनी गाण्याच्या मध्यावर ठेवलाय. हे कळल्यावर पहिली चाळीस मिनिटं लांब वाटतच नाहीत. आपण कुणाचीतरी वाट बघत असतो.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन काय? विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, तरी सभागृह जागेवर असतं, कारण सम, म्हणजे आवर्तन जिथे येऊन मिळतं ती पहिली मात्रा, कुठे आहे ते प्रत्येकाला ठाऊक असतं. मग गायक द. वि. पलुस्कर, आपले बापूराव, नाशिकलाच जन्मले, हे नेहमीचं पालुपद आलंच.

पण तुला बाबांचं उदाहरण कशाला देऊ? तू स्वतः ताशावाला! आठव, वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली की रविवार कारंज्यापर्यंत ढोलाचा ठेका तोच. आम्ही टिपरू आणि थाप सोडून काही करायचो नाही. तरी बघे हलायचे नाहीत, कारण वर तुझा ताशा तडतडत कुठेतरी भरकटायचा आणि तू नेमका कधी खाली उतरतोस याकडे सगळे डोळे लावून असायचे. एकदा तू मुद्दाम दोन फेऱ्या उशिरा उतरलास, तेव्हा किती शिव्या खाल्ल्यास आणि केवढ्या शिट्ट्या पडल्या!

तर आता चार रिफ काढून टाकले. तिसरा तुझा लाडका होता, माहीत आहे. जीव तुटला, पण गेला. उरलेला एकच आधी पूर्ण येतो, मग निम्म्या लयीत, मग नुसत्या बासवर, इतका हळू की ओळखायला वेळ लागावा. आणि सगळ्यात खालची तार अकराव्या मिनिटापर्यंत मोकळी वाजवायची नाही असं ठरवलंय. बोटं सारखी तिकडे धावतात. वाजवली की मी स्वतःला पाच रुपये दंड करतो, डब्यात सत्तर जमलेत.

काल हेही आईला ऐकवलं. या वेळी गवार होती. दहाव्या मिनिटाला उठलीच. पण दारातून वळून म्हणाली, "थांबव जरा, आले."

ड्रम्स अजून मशीनचे आहेत, त्यामुळे वर भरकटणारं कुणीच नाही. संक्रांतीला ये. सातपूरच्या शेडची किल्ली माझ्याकडेच आहे, मामाने भिंतींवरचे अंड्यांचे ट्रेसुद्धा काढलेले नाहीत. झांजा तुझ्या तू आण, इथली मोठी तडकली आहे. आणि अकराव्या मिनिटाला कसं उतरायचं ते आत्ता मला सांगू नकोस.

तुझा,
बाळ्या